ॲमस्टरडॅम : न हलणाऱ्या पाण्याचं शहर

उन्हाळ्यात ॲमस्टरडॅममध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि तोवर घरात थांबायला कुणी तयार नसतं. कालव्याच्या काठावर पाय खाली सोडून मित्रमंडळींची कोंडाळी बसलेली असतात. पाण्यातून उघड्या होड्या संथपणे जातात. एखाद्या होडीत मधोमध टेबल मांडून कुणाचा तरी वाढदिवस चाललेला असतो, आणि बुटका पूल आला की सगळे एकदम वाकतात. वर पुलावर सायकली कठड्याला टेकवून गप्पा रंगलेल्या असतात. काठाला मात्र बहुतेक ठिकाणी कठडा नाही. रस्ता संपतो तिथं विटांची भिंत, आणि तिच्या खाली दोन-तीन हातांवर पाणी.

हे पाणी उद्याही तिथंच असतं आणि परवाही तिथंच. आठवडाभर पाऊस लागला म्हणून ते काठाला भिडत नाही, पाऊस नसला म्हणून तळाला जात नाही. जुन्या शहरातल्या कालव्यांची पातळी डच मोजणीतल्या शून्याच्या ४० सेंटिमीटर खाली ठरवलेली आहे, आणि ती रात्रंदिवस राखली जाते. मित्रांबरोबर या शहरात निघालेल्या प्रत्येकाला मी हा आकडा आधी सांगतो. काठावरच्या गप्पा, तरंगती घरं, पुलाखालून जेमतेम निघणाऱ्या होड्या, आणि शतकानुशतकं लाकडावर उभी असलेली घरं, सगळं या एका न हलणाऱ्या पातळीच्या आधारानं चाललेलं आहे.

ते शून्यही मुळात इथलंच आहे. १६७५ च्या पुरानं शहराला हादरा दिला, तेव्हा बंधारे नेमके किती उंच हवेत हा प्रश्न ऐरणीवर आला. त्या काळात शहराच्या कारभारात योहानेस हुडे नावाचा गणितज्ञ होता. तो अनेकदा नगरप्रमुखही होता. शहरालगतच्या एय खाडीतली भरती कुठवर चढते याच्या नोंदी १६८३-८४ मध्ये वर्षभर घेतल्या गेल्या. त्यांवरून भरतीची सरासरी पातळी काढली, आणि बंधाऱ्यांची उंची त्या पातळीपासून मोजायची असं ठरलं. शहराच्या आठ जलद्वारांमध्ये संगमरवरी दगड बसवून त्यांवर बंधाऱ्यांच्या उंचीची खूण कोरली. त्यातला एक दगड आजही एका जुन्या जलद्वारात जागेवर आहे. पुढे हीच पातळी साऱ्या देशाचं शून्य झाली, एकोणिसाव्या शतकात जर्मनीनं आपल्या उंचीच्या मोजणीसाठी तिचा आधार घेतला, आणि आज युरोपीय देशांची सामाईक उंची-मोजणीही तिच्याशी जोडलेली आहे. पॅरिसमधला एखादा पूल आणि बर्लिनमधला एखादा रस्ता यांची उंची ताडून पाहायची असेल, तर त्याचा धागा ॲमस्टरडॅमच्या त्या दगडांपर्यंत येतो.

वॉटरलूप्लाइनजवळ महापालिका आणि ऑपेरा यांची एकत्र इमारत आहे, तिला लोक ‘स्टोपेरा’ म्हणतात. तिच्या आतल्या वाटेत पाण्यानं भरलेले काचेचे तीन उंच खांब आहेत. दोन खांबांत डच किनाऱ्यावरच्या दोन बंदरांतली त्या क्षणाची भरती-ओहोटी दिसते. तिसऱ्या खांबातलं पाणी माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, साडेचार मीटरच्या पुढे उभं आहे. फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात देशाच्या नैर्ऋत्य भागात समुद्र तितका चढला होता, आणि त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. तिथं पाहायला पैसे पडत नाहीत. मित्रांना घेऊन पहिल्याच दिवशी जावं अशी ही जागा आहे. त्यानंतर कालव्याकाठी बसताना पायाखालच्या पाण्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

शहराची सुरुवात एका बांधापासून झाली. तेराव्या शतकात ॲमस्टेल नदीच्या मुखाशी लोकांनी बांध घातला. आजचा डॅम चौक त्याच जागी आहे, आणि शहराच्या नावातही तो बांध आहे. २७ ऑक्टोबर १२७५ रोजी काउंट फ्लोरिस पाचवा यानं इथल्या रहिवाशांना जकातीतून सूट दिली. गावाचं नाव सापडतं तो हा सर्वांत जुना कागद, म्हणून २०२५ मध्ये शहरानं आपला ७५० वा वाढदिवस साजरा केला. त्या काळी एय खाडीतून समुद्राची भरती थेट गावात शिरायची. तिला आवरायला जलद्वारं होती. गोव्यातल्या खाजणांचं मानस ज्यानं पाहिलं आहे त्याला हे तत्त्व लगेच कळेल: भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं, आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं खारं पाणी आत नाही.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हा झगडा शहराच्या दारापासून लांब नेला गेला. १८७२ मध्ये एय खाडीच्या पूर्वेला मोठी जलद्वारं बांधली. १८७६ मध्ये पश्चिमेला वाळूचे डोंगर फोडून उत्तर समुद्रापर्यंत जहाजांचा कालवा काढला. आणि १९३२ मध्ये ३२ किलोमीटर लांबीचा आफस्लाउटडाइक हा बांध पुरा झाला, तेव्हा झाउडरझे हा अख्खा समुद्र गोड्या पाण्याचं सरोवर होऊन गेला. आज शहरात साठणारं जास्तीचं पाणी पश्चिमेला एयमाउडनपर्यंत जातं आणि ओहोटीला आपोआप, भरतीला प्रचंड पंपांनी समुद्रात टाकलं जातं. कालव्यांतलं पाणी शिळं होऊ नये म्हणून पूर्वेकडून सरोवराचं ताजं पाणी आत सोडून ते खेळतं ठेवतात. सतराव्या शतकात ही सोय नव्हती. घरांची सगळी घाण कालव्यात पडायची, आणि उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी सुटायची की श्रीमंत कुटुंबं ॲमस्टेल आणि फेख्त नद्यांकाठच्या आपल्या बागबंगल्यांत निघून जायची. आता तरंगत्या घरांचं सांडपाणीही गटारांना जोडलं गेलं आहे. २०१२ मध्ये या कालव्यांत एका आजारावरच्या संशोधनासाठी निधी जमवायला पोहण्याची मोहीम झाली, तेव्हा आजची राणी आणि तेव्हाची युवराज्ञी मॅक्सिमा स्वतः पाण्यात उतरली होती.

विमानानं येणारा पाहुणा तर पाण्याच्या पोटातच उतरतो. स्किपोल विमानतळ हार्लेमरमेर या जुन्या तलावाच्या तळावर आहे. तीन अवाढव्य वाफेच्या पंपांनी तो तलाव १८५२ मध्ये कोरडा केला. धावपट्ट्या समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहेत, आणि पंप आजही चालू ठेवावे लागतात. अशा देशात पाण्याचा कारभार सरकारच्या एखाद्या खात्यावर सोपवून कुणी मोकळं होत नाही. जलमंडळं ही तिथली मध्ययुगापासूनची संस्था आहे. तिच्यासाठी वेगळी निवडणूक होते, वेगळा कर भरावा लागतो, आणि मतदानाच्या दिवशी माणसं पाण्याच्या कारभाऱ्यांसाठी वेगळी मतपत्रिका हातात घेतात. मला या शहराबद्दल जो आदर वाटतो त्याची मुळं इथं आहेत. बंधारा शेजाऱ्यांची भांडणं ऐकून घेत नाही. तो सगळ्यांनी मिळून राखला तरच राहतो.

आता घरांकडे वळू. ॲमस्टरडॅमखाली खडक नाही. वर कुजलेल्या वनस्पतींचा भुसभुशीत काळा थर आणि चिखल, आणि अकरा-बारा मीटर खोलीवर वाळूचा पहिला दमदार थर. म्हणून जुन्या शहरातलं जवळजवळ प्रत्येक घर त्या वाळूपर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. पाइन आणि स्प्रूसची ही खोडं बऱ्याच अंशी नॉर्वे आणि बाल्टिक समुद्राकाठच्या जंगलांतून जहाजांनी आली. डॅम चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत, आणि डच मुलं हा आकडा सहज लक्षात ठेवतात: वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या आधी १ आणि नंतर ९. ही इमारत मुळात राजासाठी नव्हतीच. नगरसभेची इमारत म्हणून याकोब फान काम्पेननं तिचा आराखडा केला, बांधकाम १६४८ मध्ये सुरू झालं. राजवाडा तिला केलं १८०८ मध्ये नेपोलियनचा भाऊ लुई यानं. रेल्वेचं मुख्य स्थानक तर खाडीत भर घालून केलेल्या बेटांवर उभं आहे आणि त्याच्याखालीही असेच हजारो खांब आहेत.

आमच्यातला एक मित्र इमारतींच्या पायाचं काम करतो. लाकूड पाण्यात चारशे वर्षं टिकतं हे त्याला प्रथम पटेना. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. खांबाचं डोकं जमिनीतल्या पाण्याखाली बुडालेलं असेल तर हवा पोचत नाही आणि लाकूड शाबूत राहतं. पाणी उतरलं, डोकं उघडं पडलं, की काही वर्षांत ते मऊ होतं आणि वरचं घर एका अंगानं खचू लागतं. कालव्याची पातळी आणि आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी यांचं नातं घट्ट आहे. त्यामुळे ते ४० सेंटिमीटर ही बोटवाल्यांची सोय एवढंच नाही, तर अख्ख्या शहराचा पाया आहे. जुन्या गल्ल्यांत डावी-उजवीकडे कललेली घरं दिसतात. त्यातली बरीच अशी खांब दबल्यानं कललेली आहेत. पुढे रस्त्याकडे झुकलेली घरं मात्र वेगळ्या कारणानं झुकली आहेत, आणि ते कारण दाराच्या वर बघितलं की सापडतं.

कालव्याकाठचं घर उंच, अरुंद आणि खोल असतं. प्रत्येकाला पाण्याला लागून दार हवं होतं, आणि पाण्याला लागलेली जागा महाग होती, म्हणून दर्शनी बाजू आखूड आणि घर मागे लांब. आत जिना इतका उभा की वर सामान नेणं अशक्य. म्हणून घराच्या माथ्यावर एक तुळई पुढे काढलेली असते आणि तिला आकडा असतो. त्याला कप्पी अडकवून दोरानं माल वर ओढायचा आणि रुंद खिडकीतून आत घ्यायचा. भिंत थोडी पुढे झुकवून बांधली की वर चढणारं सामान खिडक्यांवर आपटत नाही. मिरी, दालचिनी, कापूस, मीठ, चहा हे सगळं असं पोटमाळ्यावर चढत गेलं. घर राहण्याचं आणि वखारही तीच. आजही कुणी घर बदललं की सोफा आणि कपाट याच आकड्याला टांगून वर जातं. असा देखावा रस्त्यात दिसला तर थांबून पाहावा. तो पर्यटकांसाठी मांडलेला नसतो.

घरांना क्रमांक नव्हते तेव्हा दारावर कोरीव रंगीत दगड बसवलेले असायचे: मासा, बैल, जहाज, साखरेची ढेप. घरमालकाचा धंदा किंवा नाव त्यावरून कळे. असे शेकडो दगड अजून भिंतींत आहेत. गटात कुणी लहान मूल असेल तर त्याला हे दगड शोधायला लावावं. मोठ्यांनाही त्याचा नाद लागतो.

नकाशात शहराभोवती अर्धवर्तुळाकार कालव्यांचं जे कडं दिसतं, ते आपोआप वाढलेलं नाही, विचार करून खोदलेलं आहे. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडलं आणि तिथले व्यापारी, कारागीर, छापखानेवाले उत्तरेकडे आले. ॲमस्टरडॅम फुटायला आलं. तीसेक हजारांचं शहर शंभर वर्षांत दोन लाखांवर गेलं. १६१३ मध्ये वायव्येकडून खोदाई सुरू झाली. आतून बाहेर हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे निघाले, आणि त्यांच्या आतला जुना सिंगल कालवा, जो मध्ययुगात शहराचा खंदक होता, तोही या रचनेत आला. पहिला अर्धा भाग झाल्यावर काम काही दशकं थांबलं आणि १६६० नंतर कडं ॲमस्टेल नदीपर्यंत आणि तिच्या पलीकडे नेलं गेलं. खोदून निघालेली माती दोन्ही बाजूंच्या भूखंडांवर टाकून जमीन उंच केली. एकाच खोदाईत पाण्याचा निचरा, मालाचा रस्ता आणि बांधकामाची जागा, तिन्ही कामं झाली. घरांच्या मागे बागा सोडायची सक्ती होती. काठावर एल्मची झाडं लावली, आणि एल्मच आजही या शहराचं झाड आहे. वसंतात गेलात तर त्याच्या चपट्या, पातळ बिया वाऱ्यानं रस्त्यावर आणि पाण्यावर बर्फासारख्या साचलेल्या दिसतील. या सगळ्या रचनेला युनेस्कोनं २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हे कडं श्रीमंतांचं होतं. कामकरी, कातडी कमावणारे, रंगारी आणि परागंदा होऊन आलेले गरीब लोक पश्चिमेच्या योर्डान भागात राहायला गेले. तिथं नवी आखणी करायला कुणी पैसे खर्च केले नाहीत. शेतांमधले जुने चर होते तेच रुंद करून कालवे केले, म्हणून आजही योर्डानच्या गल्ल्या मोठ्या कालव्यांना तिरक्या येऊन भिडतात. रेम्ब्रांटची शेवटची वर्षं याच भागात रोझेनग्राख्तवर गेली. १६६९ मध्ये तो वारला तेव्हा त्याला वेस्टरकेर्क या चर्चमध्ये पुरलं, एका भाड्याच्या थडग्यात, आणि ती नेमकी जागा आता कुणाला ठाऊक नाही. याच भागात १८८६ च्या जुलैमध्ये एक भयंकर प्रकार घडला. लिंडेनग्राख्त कालव्यावर दोर बांधून त्याला जिवंत ईल मासा टांगायचा आणि होडीतून जाताना तो हिसकून घ्यायचा, असा एक बंदी घातलेला खेळ होता. पोलिसांनी दोर कापला. गरिबीनं आणि बेकारीनं आधीच पेटलेला मोहल्ला उसळला, दुसऱ्या दिवशी सैन्य आलं, गोळीबार झाला आणि २६ माणसं मेली. काही वर्षांतच लिंडेनग्राख्त बुजवला गेला. आज तिथं शनिवारी बाजार भरतो. आपण चीज आणि फुलं घेत फिरतो, तो रस्ता एके काळी पाणी होता.

या संपत्तीचा दुसरा हिशेबही मित्रांबरोबर फिरताना टाळू नये. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. तिची ॲमस्टरडॅममधली कचेरी आउडे होखस्ट्राटवर आहे. आता ती विद्यापीठाची इमारत आहे आणि अंगणात जाता येतं. त्या अंगणात उभं राहिलं की मला वेंगुर्ला आठवतं. वेंगुर्ल्यात याच कंपनीची वखार होती. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगिजांची समुद्रातून कोंडी करणाऱ्या डच गलबतांना रसद तिथून मिळे, आणि त्या वखारीचे पडके दगड आजही गावात उभे आहेत. कंपनीच्या पूर्वेकडच्या वसाहतींत गुलामांचा वापर होता. अटलांटिकवर वेस्ट इंडिया कंपनी माणसांचा व्यापार करत होती. हेरेनग्राख्त ५०२ हे महापौरांचं अधिकृत निवासस्थान मुळात तिच्या एका संचालकासाठी बांधलेलं होतं. १ जुलै २०२१ रोजी महापौर फेम्के हालसेमा यांनी गुलामगिरीतल्या शहराच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली, आणि दोन वर्षांनी त्याच तारखेला, याच शहरात, राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही.

प्रिन्सेनग्राख्त २६३ च्या मागच्या भागात रोजनिशी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचं ज्यू कुटुंब जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ नाझींपासून लपून राहिलं. तिथल्या संग्रहालयाची तिकिटं फक्त त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात आणि लवकर संपतात. गटानं जायचं तर हे एक काम घर सोडण्याआधी करावं. त्याच दिवशी दुसरा गजबजलेला कार्यक्रम ठेवू नये. दुसऱ्या महायुद्धाआधी या शहरात पाऊण लाखाहून जास्त ज्यू राहत होते, आणि त्यातले बहुतेक मारले गेले. २०२१ मध्ये उघडलेल्या नावांच्या स्मारकात देशभरातल्या १,०२,००० हून जास्त बळींची नावं आहेत, एकेका विटेवर एकेक.

शहराची आजची मजा आहे ती विसाव्या शतकात लोकांनी दिलेल्या काही ठाम नकारांमुळे. एकोणिसाव्या शतकात दुर्गंधी, रोगराई आणि गाड्यांसाठी रस्ते या कारणांनी बरेच कालवे बुजवले गेले होते. १९५४ मध्ये शहराचे मुख्य पोलीस आयुक्त हेन्ड्रिक कासयाखर यांनी मोटारींच्या रहदारीसाठी आणि वाहनतळासाठी आणखी अनेक कालवे बुजवायची योजना मांडली. लोकांनी ती उचलून फेकली. १९६५ मध्ये प्रोव्हो चळवळीच्या तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली सगळ्यांसाठी रस्त्यावर मोकळ्या ठेवायची कल्पना पुढे आणली. १९७१ मध्ये देशात रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली आणि त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. पुढच्या काही वर्षांत पालक आणि मुलं रस्त्यांवर उतरली. १९७३ च्या तेलटंचाईनं रविवारी मोटारी बंद ठेवायला लावलं. सायकलींच्या वाटा या सगळ्यातून झाल्या. डच माणूस जन्मतःच सायकलवर बसतो असं आपल्याला वाटतं, पण त्या वाटा भांडून मिळवलेल्या आहेत. २०२३ मध्ये मुख्य स्थानकासमोर पाण्याच्या खाली ७,००० सायकलींचा तळ सुरू झाला. कालव्यांच्या तळातूनही दरवर्षी हजारो सायकली पंजाच्या बोटीनं उपसून काढाव्या लागतात. स्थानिक लोक म्हणतात, कालवा तीन मीटर खोल: एक मीटर चिखल, एक मीटर सायकली, एक मीटर पाणी.

मित्रांसोबत कालवा अनुभवायचा तर मोठ्या काचेच्या फेरीबोटीपेक्षा लहान विजेवरची होडी भाड्यानं घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पंधरा मीटरपेक्षा लहान आणि संथ होडीला परवाना लागत नाही. सुकाणूवर एकानंच बसावं आणि त्यानं दारूला हात लावू नये. उजव्या बाजूनं चालवायचं, मोठ्या बोटीला वाट द्यायची, पुलाखाली आणि चौकात थांबायचं नाही, आणि शहराच्या मध्यात ताशी सहा किलोमीटरच्या वर जायचं नाही. हा वेग चालत्या माणसाचा आहे. काठावरच्या लोकांशी बोलता येतं, घरांचे माथे नीट पाहता येतात, आणि गटातला सगळ्यात अबोल माणूसही तासाभरात बोलू लागतो. रेग्युलिर्सग्राख्तच्या तोंडाशी होडी आणली तर एकामागे एक सात पुलांच्या कमानी एका ओळीत दिसतात. संध्याकाळी त्यांवर दिवे लागतात. होडी नको असेल तर मुख्य स्थानकाच्या मागून एय ओलांडणारी फेरीबोट आहे. पायी आणि सायकलवाल्यांना ती फुकट आहे आणि दिवसरात्र चालते.

खाणं सोपं ठेवावं. कांदा घातलेला कच्चा खारा हेरिंग मासा हातगाडीवर उभ्यानं खायचा असतो. कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला तो पहिल्या घासाला आवडतो, असा माझा अनुभव आहे. लाकडानं मढवलेल्या, धुरानं तपकिरी झालेल्या जुन्या कॅफेंमध्ये गरम बिटरबालन (मांसाचे तळलेले गोळे) आणि बिअर घेऊन चार-पाच जणांना तासन्‌तास बसता येतं. सुरीनाममधून आलेल्या भारतवंशीयांच्या दुकानांत डाळीची रोटी मिळते. त्यांचे पूर्वज १८७३ पासून उत्तर भारतातून मजूर म्हणून तिकडे गेले, आणि त्यांच्या बोलीत भोजपुरी अजून ऐकू येते.

२७ एप्रिलच्या राजदिनाला आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी कालव्यावरून निघणाऱ्या प्राइडच्या मिरवणुकीला शहर तुडुंब भरतं. एरवीही ते फार रिकामं नसतं. नऊ लाखांच्या वर वस्तीचं हे शहर, आणि पाहुण्यांचे मुक्काम वर्षाला दोन कोटींच्या पुढे. त्यामुळे शहरानं कडक पावलं उचलली आहेत. सुट्टीसाठी घर भाड्यानं द्यायला वर्षाला ठरावीक रात्रींचीच मुभा आहे, २०२४ पासून पर्यटक कर खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के आहे, आणि लाल दिव्यांच्या वस्तीत रस्त्यावर गांजा ओढायला २०२३ पासून मनाई आहे. त्या वस्तीतल्या खिडक्यांतल्या बायकांचे फोटो काढू नयेत. कालव्याकाठी रात्री आवाज खाली ठेवावा, कारण पाण्यावरून आवाज थेट खिडक्यांत जातो आणि त्या खिडक्यांमागे माणसं राहतात. तरंगत्या घरांत डोकावू नये. अशी सुमारे अडीच हजार घरं शहरात आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांच्या टंचाईत लोक जुन्या मालवाहू बोटींत राहू लागले, तिथून ही वस्ती वाढली.

आणि आता काठाच्या भिंती थकल्या आहेत. त्या घोडागाड्यांच्या आणि हातगाड्यांच्या वजनासाठी बांधल्या होत्या. त्यांवरून मालमोटारी गेल्या. त्यांच्याखालीही लाकडी खांबच आहेत. १ सप्टेंबर २०२० रोजी विद्यापीठाजवळच्या ग्रिमबुर्गवालवरची भिंत पाण्यात कोसळली. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून जड वाहनांना जुन्या शहरात मज्जाव कडक झाला आहे, काही काठांना लोखंडी पत्र्यांचा टेकू दिला आहे, आणि सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या भिंती आणि शेकडो पूल तपासून दुरुस्त करायचं काम चालू आहे. ते काही दशकं चालेल. त्यामुळे होडी ठरवताना कोणते कालवे त्या आठवड्यात बंद आहेत हे महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं, आणि रेग्युलिर्सग्राख्त बंद असेल तर प्रिन्सेनग्राख्तनं वर जाऊन ब्राउवर्सग्राख्त गाठावा. तिथं जुन्या वखारी आहेत, त्यांच्या रंगीत झडपा आणि माथ्यावरचे आकडे होडीतून फार छान दिसतात, आणि गर्दीही कमी असते.